वय नको, मोजमाप हवे

मोटारीची बॅटरी तीन-चार वर्षांची झाली की 'नवीच घ्या' असा सल्ला मिळतो. माझ्या मते निर्णय वयावर नव्हे, मोजमापावर घ्यावा. पाणी घालण्याच्या बुचांची बॅटरी पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवावी. सकाळी मेकॅनिककडून हायड्रोमीटरने सहाही कप्प्यांतील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व मोजून घ्यावे. सर्वत्र १.२५ च्या आसपास आले, तर बॅटरी सहसा कामाची समजावी. एखादाच कप्पा फार मागे राहिला, तर पुन्हा चार्ज करणे व्यर्थ. भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात आतील पट्ट्या लवकर झिजतात. थंड गावाचा हिशेब येथे चालत नाही. बाद बॅटरी मात्र दुकानदाराकडेच परत द्यावी. तिच्यातील शिसे विषारी असते, पण तेच वितळवून नव्या बॅटरीत वापरता येते.