मामूंच्या कानाचे मशीन

आमचे मामू खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले, त्याला सहा वर्षे झाली. उमेदीचा सारा काळ टर्बाइनच्या घरघराटात गेला. ‘अजान ऐकू येते, पण खुतब्यात मौलाना काय म्हणाले ते कळत नाही,’ ही त्यांची तक्रार. मामी म्हणायच्या, ‘यांना हवं तेवढंच ऐकू येतं!’

कारण वेगळे होते. ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात वर्षानुवर्षे काम केले की बारीक, उंच स्वर टिपणाऱ्या पेशी आधी मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. जाड आवाज पोहोचतो. स, श, फ निसटतात. म्हणून माणूस बोलतोय हे कळते, काय बोलतोय ते नाही.

मुलाने हौसेने बाजारातून मशीन आणले. तपासणी नाही, काही नाही. ते सगळेच आवाज सारखे वाढवायचे. ताट पडले की मामू दचकत. आठ दिवसांत मशीन डब्यात गेले, ते बरेच झाले. गरजेपेक्षा मोठा आवाज उरलेली श्रवणशक्तीही घालवू शकतो.

मग नागपूरला मेडिकलच्या कान-नाक-घसा विभागात नेले. एका कानात मळाचा गोळाच निघाला! तो काढल्यावर ऑडिओमेट्री झाली. कोणता स्वर किती कमी ऐकू येतो, याचा तो आलेख. त्यावरूनच यंत्र जुळवतात आणि आवाजाची वरची मर्यादा ठरवतात. हे काम करणारा ऑडिओलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला हवा. नोंदणी विचारायला संकोचू नका. पैशांची अडचण असेल तर केंद्राच्या एडिप योजनेची चौकशी करा. (मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून श्रवणदोषांची राष्ट्रीय संस्था आहे. तिला महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव आहे.)

अचानक ऐकू येईनासे झाले, एकाच कानाने कमी ऐकू येऊ लागले, कान वाहतो, दुखतो किंवा चक्कर येते, तर यंत्राच्या दुकानात जाऊ नका, आधी डॉक्टर गाठा. अचानक गेलेल्या कानाच्या बाबतीत तर एकेक दिवस मोलाचा असतो.

वजू आणि गुस्लपूर्वी यंत्र काढायचे, कान कोरडे करून परत लावायचे. रुमाल किंवा टोपी कानावर घट्ट बसली की शिटी वाजते. नेहमीच वाजू लागली तर साचा सैल झाला असेल किंवा मळ साचला असेल. रात्री बॅटरीचे झाकण उघडून कोरड्या डबीत ठेवावे.

त्या बॅटरीची मात्र मला धास्ती वाटते. गोळीएवढी, चकचकीत. नातवंडे तोंडात, नाकात घालतात, आणि म्हातारी माणसे औषध समजून गिळतात. नाकात किंवा अन्ननलिकेत अडकली तर काही तासांत आतून जखम होते. वांती करवू नका, वाट पाहू नका. थेट मोठ्या दवाखान्यात न्या. वापरलेल्या बॅटऱ्याही धोक्याच्याच. मामींनी त्या कुलपाच्या कपाटात ठेवल्या आहेत.

पहिले काही दिवस मामू घरातच तास-दोन तास यंत्र लावत, हळूहळू वेळ वाढवत नेला. आता मामींची नवी तक्रार आहे: मी बोलायला लागले की हे यंत्र काढून ठेवतात.