आधी मोजा, मग तपासा: मालवण किनाऱ्यावरील न्याहारी-निवासधारकांचे मागणीपत्र

प्रति,
सचिव, पर्यटन, महसूल व ग्रामविकास विभाग, महाराष्ट्र शासन

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्याला पाव शतक उलटून गेले. या काळात तारकर्ली, देवबाग, वायरी, दांडी येथे पर्यटकाच्या राहण्या-जेवण्याची सोय रापणीवर आणि माडांवर जगणाऱ्या घरांनीही केली. कोणी माजघर आवरून, कोणी पडवी बंद करून. त्या घरांच्या वतीने हे पत्र आहे.

देखरेख नको, असे आमचे म्हणणे नाही. ती सर्वांवर हवी. आज न्याहारी-निवास योजनेत जो नोंदला, त्याचाच पत्ता सरकारदरबारी असतो. तपासणी, खुलासा, नोटीस, सारे त्याच्याच दारात. पलीकडच्या वाडीत परगावच्या माणसाने चालवायला घेतलेल्या आठ खोल्या मोबाइलवरून भरतात आणि कुठल्याच वहीत सापडत नाहीत. नोंदणी हीच शिक्षा ठरत असेल तर नवा माणूस नोंदणीला येणार नाही.

तेरेखोलपलीकडे गोव्यात पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीसाठी १९८२ पासून कायदा आहे. महाराष्ट्रानेही सक्तीच्या नोंदणीचा कायदा करावा, पण तो दोन थरांचा असावा. मालक कुटुंबासह राहतो अशी सहा खोल्यांपर्यंतची घरे एका थरात. लॉज, हॉटेले, रिसॉर्ट दुसऱ्यात. सहाचा आकडा आमच्या मनचा नाही. केंद्राच्या अतुल्य भारत होमस्टे योजनेत सहा खोल्या आणि बारा खाटा हीच कमाल मर्यादा आहे. पहिल्या थरातील घराची घरपट्टी आणि वीजजोडणी घरगुतीच राहील, हे नोंदणीपत्रावर छापलेले असावे.

नोंदणी क्रमांकाशिवाय कोणतीही जागा अॅपवर दाखवता येऊ नये. हे अवघड नाही. मालकाची उलाढाल २० लाखांच्या आत असली, तरी अॅपवरून झालेल्या आरक्षणाचा जीएसटी अॅप चालवणारी कंपनीच भरते. म्हणजे जागांची यादी तिच्याकडे तयार आहे. शासनाने ती मागावी आणि ग्रामपंचायतीच्या यादीशी ताडून पाहावी.

आमची सर्वांत जुनी अडचण सातबाऱ्याची. कोकणात जमीन सामाईक असते. एका घराच्या उताऱ्यावर वीस-पंचवीस नावे असणे नवलाचे नाही. त्यांतले निम्मे वाटेकरी मुंबईत, काही हयात नाहीत, आणि वारसनोंद झालेली नाही. परवानगीसाठी सर्वांची संमती मागितली की प्रकरण तिथेच बसते. खोली भाड्याने दिल्याने कोणाचा हिस्सा कमी होत नाही. म्हणून घरपट्टीचा उतारा, रहिवासाचा पुरावा आणि मालकीहक्क सांगणार नसल्याचे स्वयंघोषणापत्र एवढ्यावर नोंदणी व्हावी. वारसनोंदींसाठी तलाठ्यांनी चतुर्थीच्या आठवड्यात गावात शिबिर लावावे. वर्षातून तेवढेच दिवस सगळे वाटेकरी एका छपराखाली असतात. भांडत असले तरी असतात.

हाच उतारा कर्जालाही आडवा येतो. शासनाच्या 'आई' धोरणात महिला उद्योजकांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा आहे; केंद्राने २०२५च्या अर्थसंकल्पात होमस्टेसाठी मुद्रा कर्ज जाहीर केले. खोल्या झाडणारी, घावणे घालणारी, हिशेब ठेवणारी आमच्याकडे बहुधा घरची बाईच असते, पण बँकेला दाखवायला तिच्या नावावर काही नसते. नोंदणीपत्र हाच व्यवसायाचा पुरावा मानण्याचे निर्देश बँकांना द्यावेत.

सीआरझेडबाबत आम्ही सवलत मागत नाही. १८ जानेवारी २०१९ची अधिसूचना स्थानिकांना, मच्छीमारांसह, राहत्या घरात होमस्टे चालवू देते. जोत्याचे क्षेत्र, घराची रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही, एवढीच अट. ती आम्हांला मान्य आहे. तहसीलदार, ग्रामपंचायत आणि आमचे प्रतिनिधी यांनी मिळून घरांची मोजणी करावी आणि अट पाळणाऱ्या घराला ६० दिवसांत दाखला द्यावा. वाळूवर नव्याने काँक्रीट ओतणाऱ्यांची बाजू आम्ही घेणार नाही.

सांडपाण्याचेही तसेच. देवबाग म्हणजे कर्ली खाडी आणि समुद्र यांमधली वाळूची चिंचोळी पट्टी. शोषखड्डा चुकला की शेजाऱ्याची विहीर जाते. सेप्टिक टाकीची तपासणी नोंदणीची अट करावी. त्यासोबत मैला उपसण्याचा टँकर तालुक्यात हवा. त्याचे वाजवी शुल्क आमचे सभासद भरतील.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाच्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. बोटी आम्ही चालवत नाही, पण पाहुणा 'कोणाकडे जाऊ?' हे आम्हांलाच विचारतो. परवानाधारक बोटी, त्यांची प्रवासीक्षमता आणि विम्याची मुदत यांची यादी दर महिन्याला प्रसिद्ध करावी. समुद्र बंद असेल त्या दिवशी सकाळी सातच्या आत संदेश मिळावा.

शुल्काबद्दल थोडेच. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद असते आणि खोल्याही बहुतेक रिकाम्या. वार्षिक शुल्क आठ महिन्यांच्या हिशेबाने आकारावे आणि नोंदणी पाच वर्षांसाठी असावी.

या पत्राचे लेखी उत्तर ४५ दिवसांत मिळावे. मागणी नामंजूर असल्यास कारण आणि नियम नमूद करावा. चर्चेची बैठक जून ते ऑगस्टमध्ये मालवणातच घ्यावी. मे महिन्यात बोलावल्यास आमच्यापैकी कोणालाही घर सोडता येणार नाही.

मालवण किनाऱ्यावरील न्याहारी-निवासधारक