उभ्या ओझ्याखालचे डांबर

पावसाळा ओसरून दिवाळीचे दिवस जवळ आले, की आपल्या शहरांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आवारांत डांबरीकरणाची लगबग सुरू होते. वाफाळणारी खडी टिपरमधून येते, पाठोपाठ रोलर फिरतो आणि दोन दिवसांत आवार काळेभोर व गुळगुळीत होऊन जाते. पुढचे मृग नक्षत्र लागते तेव्हा मात्र त्याच आवारात चाकांच्या रुंदीचे दोन चर उमटलेले असतात. सभासदांचा राग मग ठेकेदारावर निघतो. तो पुष्कळदा रास्तही असतो. परंतु त्या डांबरावर आपण कोणते ओझे उभे केले आणि किती वेळ उभे केले, हा प्रश्न वार्षिक सर्वसाधारण सभेत क्वचितच विचारला जातो.

तो विचारला पाहिजे, कारण हा पैसा कोणा धनिकाचा नव्हे. आदर्श उपविधींनुसार आवारातील अंतर्गत रस्त्यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने व्हावयाची असते आणि त्यासाठी सभासदांकडून दरवर्षी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के इतकी वर्गणी दुरुस्ती निधीत घेतली जाते. शिक्षक, कारकून, निवृत्तिवेतनावर जगणारी मंडळी यांच्या महिन्याच्या जमाखर्चातून ही रक्कम बाजूला पडते. ती एका उन्हाळ्यात मातीमोल होत असेल, तर कारण समजून घेणे हे प्रत्येक सभासदाचे कर्तव्य ठरते.

मुळात डांबर हा पदार्थ आपण समजतो तसा घन नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात प्राध्यापक थॉमस पार्नेल यांनी १९२७ साली डांबराच्याच जातीचा ‘पिच’ नावाचा पदार्थ काचेच्या नरसाळ्यात भरून ठेवला. हातोड्याने फुटणारा हा पदार्थ १९३० मध्ये नरसाळ्याचे तोंड मोकळे केल्यापासून २०१४ सालापर्यंत केवळ नऊ वेळा थेंबाच्या रूपाने खाली उतरला. इतक्या संथपणे का होईना, पण तो वाहतो. डांबराचेही तसेच आहे. धावत्या चाकाचा भार त्यावर क्षणभरच पडतो; तेवढ्यात डांबर दबते आणि बहुतांशी सावरते. उभे चाक मात्र तासन्‌तास त्याच जागी रुतून बसते आणि डांबर त्याच्याखालून हळूहळू बाजूला सरकत राहते. म्हणूनच चर पडतात ते बहुधा गाड्या थांबतात तेथे.

त्यात आपला उन्हाळा. रस्त्यासाठी सर्रास वापरले जाणारे डांबर पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते, आणि वैशाखातल्या दुपारी काळ्या पृष्ठभागाचे तापमान साठ अंशांच्या घरात जाऊ शकते. नवे डांबर तर आणखीच कोवळे असते. हवेच्या संपर्काने त्याला पुरता कणखरपणा येण्यास महिने लागतात.

आता ओझ्याचा हिशेब करू. दहा हजार लिटरच्या टँकरमधील नुसते पाणीच दहा टन भरते. गाडीचे वजन निराळेच. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा गावानजीक १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर मुद्दाम मालमोटारी फिरवून मोठी चाचणी घेण्यात आली. तिच्यातून असे दिसले, की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी सुमारे सोळा पटींनी वाढते. हे गणित धावत्या वाहनांचे आहे. आवारातल्या दोन-तीन इंचांच्या थरावर असे वाहन अर्धा तास उभे राहते, तेव्हा परिणाम काय होत असेल हे वेगळे सांगावयास नको. शिवाय इंजिनातून गळणारे डिझेल व तेल डांबराला विरघळवते, कारण तिन्ही एकाच खनिज तेलाची अपत्ये आहेत. चरात साचलेले पावसाचे पाणी उरलेले काम पूर्ण करते.

यावर ‘जड वाहनांना मज्जाव’ अशी पाटी लावणे सोपे आहे. पण ते शहाणपणाचे नव्हे. उन्हाळ्यात टँकर हा अनेक वसाहतींचा जीवनाधार असतो. अग्निशामक बंबाला तर वाट मोकळी असलीच पाहिजे. एखादा सभासद स्वतःचा टेम्पो चालवून पोट भरतो, त्याला रातोरात बाहेर काढणे हाही न्याय नाही. म्हणून बंदीपेक्षा व्यवस्था हवी. जड गाड्या जेथे थांबणारच तेवढा पट्टा काँक्रीटचा करावा. टाकी दूर असेल तर फाटकाजवळ नळजोड देऊन टँकर तेथेच रिता करावा. निविदा मागवताना वरच्या थराइतकाच खालच्या खडी-मुरुमाच्या पायाचा तपशील मागावा, कारण भार अखेर तोच पेलतो.

पहिल्या दिवसांची काळजी तर फुकट घेता येते. नव्या डांबरावर दोन-तीन दिवस कोणतेच वाहन आणू नये. ऊन कडक असेल तर अधिक थांबावे. उभ्या गाडीचे चक्र जागच्या जागी फिरवू नये. दुचाकीच्या स्टँडखाली व मोटारीच्या जॅकखाली फळी ठेवावी. गावाला जाताना मोटार महिनाभर एकाच ठिकाणी सोडून जाऊ नये. आणि घराच्या दुरुस्तीसाठी विटा-वाळूची मालमोटार मागविणाऱ्याने ती फाटकाबाहेर रिकामी करून घ्यावी.

शेवटची अपेक्षा पाळणे सर्वांत अवघड, कारण तेथे शेजाऱ्याला ‘नको’ म्हणावे लागते आणि ते आपल्या स्वभावात नाही. एकाच्या सोयीची किंमत चाळीस कुटुंबांनी भरावी आणि सर्वांनी भिडेखातर गप्प बसावे, याला शेजारधर्म म्हणता येत नाही. चरात पाय मुरगळतो तो बहुधा अंधारात दूध आणावयास निघालेल्या वृद्धाचा. म्हणून डांबर पडण्यापूर्वीच सर्वसाधारण सभेने हे नियम ठराव करून नोंदवावेत आणि ते अध्यक्ष-सचिवांच्या गाड्यांनाही लागू करावेत.