तोंड गर्दीकडे

महाराष्ट्रातून नवग्रहांच्या यात्रेला जाणाऱ्यांना तमिळनाडूतले तिरुनागेश्वरम् ठाऊक असते ते राहूचे क्षेत्र म्हणून. नागनाथस्वामींच्या देवळात राहुकाळी दुधाच्या अभिषेकासाठी रांगा लागतात. जवळच उप्पिलिअप्पन पेरुमाळचे देऊळ आहे, तिथल्या नैवेद्यात मीठ घालत नाहीत. याच मुलखातून, गावापासून पाच-सहा किलोमीटरवरच्या कुंभकोणममधून, एप्रिल १९३० मध्ये मिठासाठी निघालेले सत्याग्रही गेले. राजगोपालाचारी ऊर्फ राजाजी यांची ती पदयात्रा १३ एप्रिलला तिरुचिरापल्लीहून निघाली आणि पंधरा दिवसांत सुमारे २४० किलोमीटर चालून वेदारण्यमच्या किनाऱ्यावर पोचली. दांडीयात्रा आपण शाळेत शिकतो. वेदारण्यमची यात्रा आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाही, आणि मोर्चा कसा उभा राहतो हे समजून घ्यायला ती दांडीइतकीच मोलाची आहे.

राजाजींनी बरोबर घेतली ती शंभराच्या आसपास माणसे, तीही निवडून. यायला तयार असलेले याहून कितीतरी जास्त होते. तंजावरचे कलेक्टर जे. ए. थॉर्न यांनी जाहीर करून टाकले की, सत्याग्रहींना जो कोणी अन्न किंवा आसरा देईल त्याला शिक्षा होईल. मग गावकऱ्यांनी वाटेवरच्या झाडांच्या फांद्यांना अन्नाची पुडकी बांधून ठेवली. कुंभकोणमच्या पंतुलू अय्यरांनी तर सत्याग्रहींना उघडपणे ठेवून घेतले, जेवू घातले आणि त्यासाठी तुरुंग पत्करला. इतिहासात नाव राहिले ते नेत्याचे. पण पुढचा मुक्काम कुठे, पाणी कुठे, वाटेत कोणी चिथावले तर काय करायचे, हे सगळे सांभाळणारी माणसे नसती तर ती यात्रा तंजावरच्या पुढे गेली नसती.

आजचा लेख या माणसांबद्दल आहे. दंडाला फीत, गळ्यात शिट्टी, हातात दोर घेऊन मोर्चाच्या कडेने चालणाऱ्या स्वयंसेवकाबद्दल. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याचा फोटो नसतो. भाषणात त्याचा उल्लेख झालाच तर आभाराच्या एका वाक्यात. मला मात्र पक्के वाटते की, रस्त्यावर उतरण्याचा आपला हक्क टिकायचा असेल तर तो या माणसाच्या जोरावर टिकेल. मोर्चात किती लोक आले यापेक्षा, मोर्चाने आपल्या लोकांना कसे सांभाळले, हे पाहायला हवे.

या कामात करायचे काय असते? आधी पावले मोजायची. मोर्चाची पुढची रांग नेहमी सावकाश चालवावी लागते, कारण पुढचे दोन पावले झपाट्याने गेले की मागच्यांना धावावे लागते आणि मध्ये फट पडते. फट पडली की बाजूची वाहने आत घुसतात, वाद होतो आणि वादाला गर्दी जमते. म्हणून अनुभवी कार्यकर्ते पुढे म्हाताऱ्यांना आणि बायकांना ठेवतात आणि त्यांच्या चालीने सगळ्यांना चालवतात. रस्त्याची एक बाजू दोराने मोकळी ठेवायची. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला की ओरडाआरडा करायचा नाही. हात वर करून ‘वाट द्या’ एवढेच एका रांगेने दुसरीला सांगत जायचे. शेवटी एक तुकडी हवी, मागे पडलेल्यांना घेऊन येणारी आणि रस्त्यावरच्या बाटल्या उचलणारी.

सगळ्यात अवघड क्षण येतो तो अडवल्यावर. समोर पोलिसांचे कडे, मागून रेटा आणि मध्ये उन्हात तापलेली माणसे. अशा वेळी कामाला येते ती एकच युक्ती : सगळ्यांना खाली बसवायचे. स्वयंसेवकांनी आधी आपण बसायचे, शेजारच्याचा हात धरून त्याला बसवायचे. ‘बसा, बसून घ्या’ हे शब्द मागेपर्यंत जाऊ द्यायचे. हे मी जवळून पाहिले आहे. पुढच्या चार रांगा बसल्या की मागच्यांना समोरचे दिसायला लागते, समोर काय चालले आहे ते कळते आणि रेटा आपोआप थांबतो. बसलेली गर्दी धावत सुटत नाही. बसलेल्या माणसावर लाठी उगारताना पोलिसांचा हातही अडखळतो. आणि एखादा दगड घेऊन उभा असेल, तर तो एकटाच उभा दिसतो. त्याला मारायचे नाही. चौघांनी त्याला मध्ये घेऊन बोलत बोलत कडेला न्यायचे. हे काम करताना स्वयंसेवकाचे तोंड गर्दीकडे असावे लागते, पाठ नेत्याकडे. आज अनेक सभांत नेमके उलटे दिसते. काळे कपडे घातलेली धिप्पाड मुले नेत्याभोवती कडे करतात आणि लोकांना मागे ढकलतात. ते नेत्याचे रक्षण झाले. लोकांचे रक्षण कोण करणार?

आपल्याकडे या कामाची परंपरा उसनी आणावी लागत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेहून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे रांगेने चवदार तळ्यावर गेली, पाणी प्यायली आणि शांतपणे मंडपात परतली. पुढे गावात अफवा उठली की, हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मंडपात जेवायला बसलेल्यांवर हल्ला झाला, परतीच्या वाटेवरच्यांना गाठून मारले. परिषदेला आलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले कितीतरी जण होते. त्यांना लढता येत होते आणि संतापायला कारणही होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले, आणि ते आवरले गेले. त्या दिवशी महाडात उलट हल्ला झाला असता तर चवदार तळ्याचा प्रश्न बाजूला पडून दंगलीचा खटला तेवढा उरला असता. त्याच वर्षी समता सैनिक दलाची उभारणी झाली. आजही ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर रांगा लावताना, म्हाताऱ्या बाईला हात देताना दलाचे सैनिक दिसतात. आपल्या माणसाचा राग मोडून न काढता त्याला वळण देणे, हे स्वयंसेवकाचे खरे काम महाडने शिकवले.

मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून मुंबईला आला तेव्हा तोच धडा पुन्हा दिसला. जवळपास १८० किलोमीटर, तापलेल्या डांबरावर, आदिवासी शेतकरी बायाबापडे चालत होते. तळपाय सोलून निघाले होते. ११ मार्चच्या रात्री मोर्चा शीवजवळच्या सोमय्या मैदानावर पोचला. सकाळी दहावीची परीक्षा होती. दिवसा आझाद मैदानाकडे निघालो तर रस्ते भरतील आणि मुलांचा पेपर चुकेल, म्हणून थकलेली माणसे रातोरात पुन्हा उठली आणि उजाडायच्या आत आझाद मैदानात जाऊन बसली. हा निर्णय नेत्यांनी घेतला असेल, पण हजारो झोपलेल्या माणसांना मध्यरात्री उठवून, रांगा लावून, कोणी मागे न राहता शहर ओलांडायला लावणे हे तुकडी-तुकडीला नेमलेल्या कार्यकर्त्यांशिवाय होत नाही. दुसऱ्या दिवशी मुंबईकर पाणी, खाणे आणि चपला घेऊन मैदानात आले, आणि सरकारने लेखी आश्वासन दिले. त्याआधी २०१६ आणि २०१७ मध्ये मराठा समाजाचे मूक मोर्चे निघाले. मुली पुढे, पुढारी मागे, घोषणा नाहीत आणि मोर्चा सरल्यावर रस्ता झाडलेला. मागण्यांबद्दल कोणाचे काहीही मत असो, एवढ्या गर्दीला इतके आवरून चालवणारे हात वाखाणावेच लागतात.

आता दुसरी बाजू. २३ नोव्हेंबर १९९४. नागपूरला हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. अनुसूचित जमातीत समावेश व्हावा ही त्यांची मागणी होती. वाट पाहून लोक ताटकळले होते. पोलिसांनी लाठी चालवली, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे गेली, त्यांत बहुतेक बायका आणि लेकरे. यातली जबाबदारी सरकारची आणि पोलिसांची होती, हे स्वच्छ शब्दांत म्हटले पाहिजे. स्वयंसेवक चांगले असते तर असे झाले नसते, असे म्हणणे मृतांवर अन्याय करणे होईल. लोक निवेदन घेऊन दाराशी येतात तेव्हा त्यांच्यापुढे जाणे हे सरकारचे पहिले कर्तव्य आहे.

पण सरकार चुकेल तेव्हाही आपली माणसे जिवंत घरी परतली पाहिजेत. त्यासाठी गर्दीचे गणित आपल्यालाच यायला हवे. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसे दाटली की कोणालाच आपल्या मर्जीने पाऊल टाकता येत नाही. अशा गर्दीत माणसे बहुधा पायाखाली तुडवली जाऊन मरत नाहीत, उभ्या उभ्या छातीवर दाब येऊन गुदमरतात. तिरुनागेश्वरम् शेजारच्या कुंभकोणमने हे भोगले आहे. १८ फेब्रुवारी १९९२ रोजी महामहमच्या पर्वस्नानाला मुख्यमंत्री जयललिता आल्या त्या दिवशी महामहम तळ्यापाशी चेंगराचेंगरी होऊन सुमारे ५० माणसे मेली. आणि २७ सप्टेंबर २०२५ ला त्याच तमिळनाडूत, करूरमध्ये, अभिनेते आणि पक्षनेते विजय यांच्या प्रचारसभेत चेंगराचेंगरी होऊन ४१ जण गेले. नेते यायला कित्येक तास उशीर झाला, तोवर लोक उन्हात थांबून होते. ही चौकशीची बाब आहे आणि चौकशी सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयकडे दिली आहे. पण कोणत्याही पक्षाच्या कार्यकर्त्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा : आपल्या सभेत गर्दी किती झाली की ‘आता पुढे कोणी येऊ नका’ असे सांगायचे अधिकार कोणाला आहेत? बहुतेक ठिकाणी उत्तर ‘कोणालाच नाही’ असे येईल.

कायद्याने हे काम केव्हाच सांगितले आहे. १६ एप्रिल २००९ रोजी सार्वजनिक मालमत्तेच्या नासधुशीबद्दलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. आयोजकांनी पोलिसांना भेटून मार्ग ठरवावा, लाठ्या-चाकू आणू नयेत आणि प्रत्येक महत्त्वाच्या चौकात मार्शल ठेवून मोर्चा शांततेत नेण्याची हमी द्यावी, असे त्यात आहे. व्यवहारात मात्र मोर्चाच्या अर्जावर आयोजकांची सही असते, चौकात माणूस नसतो.

काही मित्र म्हणतात, ‘शिस्तीत गेलेल्या मोर्चाकडे सरकार ढुंकूनही पाहत नाही. काचा फुटल्याशिवाय कोणी ऐकत नाही.’ या म्हणण्यामागचा वैताग खरा आहे. २०१८ च्या आश्वासनांसाठी शेतकऱ्यांना पुढेही रस्त्यावर यावे लागले. पण काचा फुटल्यावर काय होते ते पाहा. चर्चा मागणीची राहत नाही, काचांची होते. गुन्हे दाखल होतात ते गावातल्या विशी-बाविशीच्या पोरांवर. पुढाऱ्याचा वकील तयार असतो. पोरगा मात्र पोलीस भरतीच्या अर्जात ‘गुन्हा प्रलंबित’ लिहीत वर्षानुवर्षे कोर्टाच्या तारखा करत बसतो. त्या पोराला वेळीच खांद्यावर हात ठेवून मागे ओढणारा कोणी असला, तर तो त्याचे आयुष्य वाचवतो. शिस्त सरकारच्या सोयीसाठी नाही, आपल्या पोरांसाठी आहे.

हे शिकवणाऱ्या संस्था आपल्याकडे होत्या. काकीनाडा काँग्रेसच्या वेळी, १९२३ मध्ये, डॉ. ना. सु. हर्डीकरांनी हिंदुस्थानी सेवा दल उभे केले. १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली तेव्हा एस. एम. जोशी दलप्रमुख होते. शिबिरात रांग, शिट्टी, प्रथमोपचार, रात्रीची गस्त शिकवली जायची. राजकारणात येणारा मुलगा आधी पाणी वाटायला आणि सतरंज्या घालायला शिकायचा. आजच्या पक्षांकडे प्रचाराची यंत्रणा आहे, समाजमाध्यमांवर लढणारी फौज आहे, पण हजार माणसांना सुखरूप रस्ता ओलांडून नेऊ शकतील असे पन्नास कार्यकर्ते किती शाखांकडे आहेत?

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक पक्षाने, संघटनेने, कामगार युनियनने मोर्चा जाहीर करतानाच स्वयंसेवकांचा प्रमुख जाहीर करावा आणि गर्दी थांबवण्याचा शेवटचा शब्द त्याचा असावा, नेत्याचा नव्हे. स्वयंसेवकांत निम्म्या बायका असाव्यात, कारण गर्दीत अडचण आली तर बाई बाईलाच सांगते. आदल्या दिवशी सगळ्यांनी मार्ग पायी फिरून पाहावा : अरुंद गल्ली कुठे, दवाखाना कुठे, पाण्याचा नळ कुठे. नेत्याला उशीर होणार असेल तर ते लोकांना खरेखरे सांगावे.

आणि वाचकांना, विशेषतः कॉलेजातल्या मुलामुलींना सांगणे आहे. तुमचा पक्ष कोणता, मागणी कोणती, हे तुमचे तुम्ही ठरवा. पण मोर्चाला जाणार असाल तर घोषणा द्यायच्या आधी स्वयंसेवकांत नाव द्या. फीत बांधा, शिट्टी घ्या, आणि सगळे जण व्यासपीठाकडे पाहत असताना तुम्ही लोकांकडे पाहा. कोणाला भोवळ येते आहे, कोणाचे लेकरू हरवले आहे, कोणाचा राग फार वाढला आहे, हे तुम्हालाच आधी दिसेल. लोकशाही शिकायला यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही.