चावी गाडीलाच राहू द्या

प्रति,
मा. अपर पोलीस महासंचालक (वाहतूक),
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,



मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पत्र शेवटपर्यंत वाचायला सवड झाली नाही तरी काम अडायचं नाही. रस्त्यात अडवलेल्या गाडीची चावी पोलिसाने काढून घेऊ नये, असा स्पष्ट आदेश आपण काढावा. आणि गाडी अडवल्यापासून सोडेपर्यंत पोलिसाने काय करायचं, चालकाने काय करायचं, हे मराठीत अर्ध्या पानावर छापून दोघांच्याही हाती द्यावं. असे आदेश याआधी निघाले असतील, तर ते चौकापर्यंत पोचलेले नाहीत एवढं नक्की.

चावीचंच का घेऊन बसलो, ते सांगतो. एका तालुक्याच्या गावी स्टँडच्या रस्त्यावर पाहिलेली गोष्ट. दुधाचे दोन कॅन लावलेली जुनी स्प्लेंडर, वर पन्नाशीचा माणूस, डोक्यावर हेल्मेट नाही. हवालदार आडवा आला, गाडी थांबते न थांबते तोच हात घालून चावी काढली आणि एक शब्द न बोलता चालू लागला. साहेब लांब लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत. दूधवाल्यापुढे पेच असा, की चावीच्या मागे जावं तर गाडी भर रस्त्यात, कॅनसकट. गाडीपाशी थांबावं तर चावी गेलेली. मागे एसटी येऊन उभी राहिली, ड्रायव्हर हॉर्न दाबतोय, रिक्षावाले शिव्या घालतायत. शेवटी त्या माणसाने गाडी स्टँडवर लावली, एक कॅन काढून कडेला ठेवला आणि लिंबाकडे धावला. तिथे काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. तो हात जोडत होता, साहेब मोबाईल बघत होते. थोड्या वेळाने खिशातून काहीतरी निघालं, चावी परत मिळाली. ई-चलानच्या यंत्रातून पावतीचा कागद निघालेला मात्र मला दिसला नाही.

हेल्मेट नव्हतं, ही त्या माणसाची चूकच. मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमाने चालकाला आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट बंधनकारक आहे. पुण्यातल्या मंडळींना ही सक्ती आपल्या स्वातंत्र्यावरचा घाला वाटते, पण डांबराला स्वातंत्र्य कळत नाही. त्याला दंड व्हायलाच हवा होता. झालं उलटंच: दंड झाला नाही, वाहतूक मात्र तुंबली, आणि गुन्हा कोणता हे निदान गाडीपाशी तरी कुणी सांगितलं नाही.

१९८८चा मोटार वाहन कायदा काय म्हणतो? १३०व्या कलमानुसार गणवेशातल्या कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याने मागितलं तर चालकाने लायसन दाखवायचं. इथे आम्हा चालकांचेही कान उपटायला हवेत. ‘हवालदाराला लायसन मागायचा अधिकारच नाही’ असा एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय आणि त्याच्या जोरावर लोक चौकात हुज्जत घालतात. तो अधिकार हवालदारालाही आहे. दंडाची तडजोड कुणी करायची हे राज्य सरकार २००व्या कलमाखाली ठरवतं; तो प्रश्न वेगळा. वाहतूक वॉर्डन मात्र पोलीस नाही. तो हात दाखवून वाहतूक वळवू शकतो, कागद मागू शकत नाही. तरी बऱ्याच ठिकाणी पहिली झडप त्याचीच असते.

कागद जवळ नसले तर? केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३९वा नियम सांगतो की ते १५ दिवसांत सादर करता येतात, अगदी रजिस्टर्ड पोस्टानेसुद्धा. २०१८पासून मोबाईलमधली इलेक्ट्रॉनिक प्रतही चालते. २०२०मध्ये त्यापुढे जाऊन ठरलं, की डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवर पडताळलेला कागद पुन्हा छापील स्वरूपात मागायचा नाही, आणि कुठल्या पोलिसाने कधी तपासणी केली याची नोंद पोर्टलवर राहायची, म्हणजे तोच ट्रक दर नाक्यावर उभा करून छळ व्हायचा नाही. लायसन घरी राहणं आणि लायसन मुळातच नसणं यांत कायदा फरक करतो. दुसऱ्याला ५,००० रुपयांचा दंड आहे, पहिल्याला मुदत. चौकात हा फरक राहत नाही. तिथे दोघांनाही एकच वाक्य ऐकू येतं: ‘गाडी जमा होईल.’

गाडी जमा करण्याचा अधिकार पोलिसांना आहे, नाही असं नाही. तो २०७व्या कलमात आहे आणि त्याची कारणंही तिथेच दिली आहेत: चालकाकडे लायसनच नाही, तो अल्पवयीन आहे, गाडीची नोंदणी नाही, परवाना लागणाऱ्या गाडीला परवाना नाही, अशी. लायसन ताब्यात घ्यायचं तर २०६व्या कलमाप्रमाणे पोच द्यावी लागते आणि मूळ लायसन परत मिळेपर्यंत त्या पोचपावतीवर गाडी चालवता येते. सगळीकडे लेखी कारण, लेखी पोच. चावी काढण्याला मात्र ना कारण लागतं, ना पोच. गाडी कायद्याने जमा झाली नाही, आणि माणूस तरीही जागेवरून हलू शकत नाही. सगळं तोडपाणी याच अवस्थेत होतं. दंड कितीचा हे माणसाला माहीत नसतं, सुटका कधी ते माहीत नसतं, आणि समोरच्याला दोन्ही माहीत असतं.

जुन्या चलनांची वसुलीही अशीच चालते. हेल्मेट घातलेल्या, सिग्नल पाळणाऱ्या माणसाला बाजूला घ्यायचं, नंबर यंत्रात टाकायचा आणि ‘चार चलनं पेंडिंग आहेत, भरा आणि चावी घ्या’ म्हणायचं. थकबाकी वसूल व्हायलाच हवी, आम्ही चलनं भरत नाही हेही खरंच. पण २०७व्या कलमातल्या कारणांत थकलेल्या चलनाचा उल्लेख नाही. दुसरा कुठला आधार असेल तर तो पावतीवर छापा. आधार लिहून दिला तर भांडण न्यायालयात जाईल, चौकात होणार नाही.

आता आपल्या माणसांची बाजू, कारण ती बाजूला ठेवून हे पत्र लिहिणं लबाडीचं होईल. ऑगस्ट २०१६मध्ये मुंबईत खारला हवालदार विलास शिंदे यांनी एका अल्पवयीन मुलाची दुचाकी अडवली. डोक्यात दांडकं घातलं गेलं, आणि ३१ ऑगस्टला ते गेले. त्यानंतरही पोलिसाला बॉनेटवर घेऊन फरफटत नेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. आठ-आठ तास धुरात उभं राहायचं, बायकांना तर जवळपास स्वच्छतागृहही नाही, आणि जो येईल तो ‘मी कोण आहे माहितीये का?’ याच सुरात बोलणार. ओळखीच्या बड्या माणसाला फोन लावून तो थेट पोलिसाच्या कानाशी नेऊन धरणारे महाभाग कोणत्या शहरात नाहीत? चावी काढायची सवय या भीतीतूनही आली असणार: गाडी बंद झाली की अंगावर येत नाही.

पण मग भीतीचा इलाज करा. चालत्या गाडीपुढे उडी मारायला लावू नका. ई-चलान आल्यापासून त्याची गरजच उरलेली नाही, कारण माणूस पळाला तरी नंबर पळत नाही. हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, उलट्या दिशेने आला, यांपैकी कशासाठीही पाठलाग नको; फोटो पुरे. अडवायचंच असेल, म्हणजे दारूचा संशय असेल, नंबरप्लेट खोटी वाटत असेल, गाडी चालवणारं पोर दिसत असेल, तर बॅरिकेड लावून, दोघांनी मिळून, उजेडात अडवा. आणि अंगावर कॅमेरा असू द्या. २०२१च्या १६७-अ नियमात इलेक्ट्रॉनिक अंमलबजावणीच्या साधनांत अंगावरच्या कॅमेऱ्याचाही समावेश आहे. तो कॅमेरा पोलिसालाच जास्त वाचवेल. चावी काढणाऱ्यालाही दाखवेल, कॉलर धरणाऱ्यालाही.

फोटोवरून आठवलं. खासगी मोबाईलवर फोटो काढून नंतर सवडीने चलन करू नका, असं आपल्याच कार्यालयाने बजावलं आहे. ते अंमलात आणा. पोलिसाच्या स्वतःच्या फोनमध्ये माझ्या गाडीचा फोटो का असावा, हा प्रश्न सभ्य माणसालाही पडतो. उलट बाजूने, चालकाने मोबाईल काढला की ‘बंद कर, शूटिंगला बंदी आहे’ हे दरडावणंही थांबायला हवं. पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते कायद्यातलं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२मध्ये म्हटलं आहे. ठाण्याच्या आत ही स्थिती, तर उघड्या चौकात काय असावी? कामात अडथळा आणून, तोंडापुढे फोन नाचवून शूटिंग करणं मात्र वेगळं, आणि तसं करणाऱ्याची बाजू मी घेणार नाही.

आणखी एक, जरा तिरकं निरीक्षण. आपली माणसं सिग्नलच्या अलीकडे क्वचित दिसतात. ती असतात पलीकडे, वळणाआड, झाडामागे, चौघे-पाचजण. अलीकडे उभं राहिलं तर सिग्नल तुटतच नाही, पलीकडे उभं राहिलं तर पावती फाटते. कॅमेऱ्याने नजर ठेवायची तर त्या टापूच्या आधी ठळक फलक लावा, असं तोच १६७-अ नियम सांगतो. यंत्राला जो सरळपणा बंधनकारक केला, तो गणवेशातल्या माणसाला का नसावा?

मी म्हणतो त्या अर्ध्या पानात काय असावं, याचा कच्चा मसुदाच देतो. पोलिसाने गाडी कडेला घ्यायला सांगावी, आपलं नाव व हुद्दा सांगावा आणि पहिल्याच वाक्यात कारण द्यावं: ‘आपण एकेरी रस्त्यात उलटे आलात.’ ‘अहो’ म्हणायला पैसे पडत नाहीत. ‘ए, गाडी घे बाजूला’ म्हणून निम्मी भांडणं सुरू होतात. मोबाईलवरचा कागद चालतो आणि नसला तर १५ दिवस मिळतात, हे पोलिसानेच तोंडाने सांगावं. पैसे फक्त यंत्रातून निघालेल्या पावतीवर. पावती मान्य नसेल तर तक्रार कुठे करायची, न्यायालयात जायचं असेल तर कसं, हे मागच्या बाजूला.

चालकासाठीही तितकंच. इशारा झाला की थांबायचं. गल्लीत घुसायचं नाही, उलट फिरायचं नाही. कायदेशीर आदेश धुडकावला तर १७९व्या कलमाखाली २,००० रुपये. इंजिन बंद, हात दिसतील असे, लायसन पुढे. नगरसेवकाला, मेहुण्याला, ‘आपल्या माणसाला’ फोन नाही. दारूच्या तपासणीला नकार दिला तर तो नकारच आपल्याविरुद्ध पुरावा ठरू शकतो. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू म्हणजे पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मात्र त्या गुन्ह्यात अटक केली तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हायलाच हवी, नाहीतर सोडून द्यावं लागतं, हेही त्याच पानावर छापा. आणि पोलिसावर हात उचलणं हा भारतीय न्याय संहितेच्या १३२व्या कलमाखालचा गुन्हा आहे, हे ठळक अक्षरांत.

चिरीमिरीबद्दल लोकांना एक गोष्ट अजून माहीत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवलं पाहिजे, म्हणजे तो सुटतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर त्या पानावर येऊ द्या. आपल्या खात्याच्या पानावर तो छापणं आपल्याला जड जाईल, कल्पना आहे. तरीही छापा. जो हवालदार सरळ आहे त्याला त्या नंबराची भीती नाही, आणि असे पुष्कळ आहेत. पावसात भिजत, कर्कश शिट्टी फुंकत, शाळेच्या पोरांना हात धरून रस्ता ओलांडून देणारे मी रोज पाहतो.

खर्च फारसा नाही. कागद छापायचा आणि प्रत्येक यंत्रासोबत एक गठ्ठा द्यायचा. शिकाऊ लायसनच्या परीक्षेत याच पानावरचे पाच प्रश्न घालायला परिवहन आयुक्तांना सांगावं. नव्या भरतीतल्या पोलिसांना चौकात उभं करण्याआधी दोन तास हाच धडा द्यावा, एकाने चालक व्हायचं, दुसऱ्याने पोलीस, आणि मग अदलाबदल. मसुदा दुरुस्त करायला कायद्याची माणसं आपल्याकडे आहेतच. मात्र त्यात पहिलं वाक्य चावीचं असावं. ‘२०७व्या कलमाखाली गाडी रीतसर जमा केल्याशिवाय चावीला हात लावू नये.’ एवढंच, आणि खाली आपली सही.

उत्तराची वाट पाहतो. कळावे.

आपला,
एक दुचाकीस्वार