गुरू नको, शिक्षक हवा!

जून महिन्यात आम्ही वस्तीतल्या एका मुलीसाठी तबल्याचा शिक्षक शोधायला निघालो. मुलगी आठवीत. जयंतीच्या कार्यक्रमात ढोलकीवाल्याच्या मागे बसून मांडीवर ताल धरायची, तो आमच्यापैकी कुणाच्या तरी लक्षात आला. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. ती म्हणाली, "दादा, हिला कुठं शिकायला घालता येईल का? महिन्याला सात-आठशे रुपये मी काढीन." मागणी एवढीच होती. गणिताची शिकवणी लावतो तशी तबल्याची लावायची. पण गणिताच्या क्लासमध्ये जे प्रश्न कुणी विचारत नाही, ते इथे विचारले गेले.

पहिल्या ठिकाणी पूर्ण नाव विचारले. मग गाव विचारले. मग घरात कुणी वाजवणारे आहे का, असे विचारले. आम्ही अभिमानाने सांगितले की, मुलीचे पणजोबा जलशात ढोलकी वाजवायचे. ते गृहस्थ हसले. "ती ढोलकी वेगळी हो. तबल्याला घरातून संस्कार लागतात." सध्या बॅचमध्ये जागा नाही, असे सांगून त्यांनी आम्हाला वाटेला लावले. दुसऱ्या दिवशी आमच्या एका मित्राने दुसरे आडनाव सांगून तिथेच फोन केला. जागा होती.

दुसरे शिक्षक प्रेमळ होते. फी घेत नाही म्हणाले. मात्र गंडा बांधावा लागेल, गुरुपौर्णिमेला पाद्यपूजा करावी लागेल आणि पहिले वर्षभर मुलीने 'सेवा' करावी, वाजवण्याचे नंतर बघू. सेवा म्हणजे काय, ते आम्ही विचारले. बैठक झाडणे, चहा करणे, भांडी विसळणे. तिची आई ऐकत होती. ती ताडकन उठली. "भांडीच घासायची तर माझ्याबरोबर येईल की, चार पैसे तरी मिळतील!" त्या माउलीने एका वाक्यात जे सांगितले, तेच आम्ही या लेखात जरा लांबवून सांगत आहोत.

मित्रांनो, पहिल्याने दार बंद केले आणि दुसऱ्याने उघडले, असे वरवर दिसते. पण दोघांची समजूत एकच आहे. विद्या ही माझी मालमत्ता आहे आणि ती कुणाला द्यायची ते माझ्या मर्जीवर आहे. एकाची मर्जी नाही, दुसऱ्याची आहे. मर्जीवर मिळणारी विद्या कधी बंद होईल आणि तिची किंमत काय मागितली जाईल, याचा भरवसा नसतो. एकलव्याची गोष्ट आपल्याला शाळेत गुरुभक्तीची म्हणून शिकवली. तिच्यातला व्यवहार बघा. ज्याने एक दिवसही शिकवले नाही, त्याने अंगठा मागून घेतला. आधी ठरलेली फी असती, तर अंगठा मागायला जागाच उरली नसती.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. आपल्या मुलांसाठी गुरू शोधू नका, शिक्षक शोधा. कृपा मागायला जाऊ नका, फी देऊन शिकायला जा.

याला आधार आहे आणि तो बाबासाहेबांचाच आहे. संविधानाच्या कलम 15(2) मध्ये दुकाने, उपाहारगृहे वगैरे ठिकाणी धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून मज्जाव करता येणार नाही, असे म्हटले आहे. 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा 'दुकान' म्हणजे नेमके काय, असा प्रश्न आला. बाबासाहेबांनी त्याचा अर्थ मुद्दाम व्यापक सांगितला. जो कुणी आपली सेवा येणाऱ्याला द्यायला तयार आहे, त्याची जागा म्हणजे दुकान. पुढे 2011 मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच भाषणाचा आधार घेऊन खासगी शिक्षणसंस्थाही या शब्दात येतात, असे म्हटले. आता सांगा, ज्याने दारावर 'तबला-हार्मोनियम शिकवले जाईल' अशी पाटी लावली, तो कोण? आमच्या मते तोही याच अर्थाने दुकान उघडून बसला आहे. त्या पायरीवर आपला मुलगा उभा राहतो तो भक्त म्हणून नव्हे, नागरिक म्हणून.

कायद्याने दार उघडेल, पण मनापासून शिकवायला कायदा कसा लावणार, असे कुणी विचारेल. प्रश्न बरोबर आहे. ज्याच्या मनात किल्मिष आहे, त्याच्याकडे खटला जिंकून मूल बसवण्यात अर्थ नाही. पण हक्क माहीत असलेला पालक वेगळ्या मानेने प्रश्न विचारतो. मान खाली घालून विचारलेल्या प्रश्नाला 'जागा नाही' हे उत्तर पुरते. ताठ मानेने विचारलेल्याला कारण द्यावे लागते.

आता आपल्या घरातली गोष्ट. आम्ही ही मोहीम सांगितली तेव्हा वस्तीतले एक जुने कार्यकर्ते चिडले. "शिकून-सवरून परत वाजवायलाच घालता का पोरं?" हा राग समजून घेतला पाहिजे. गावगाड्यात वाजवणे हे कित्येकांच्या वाट्याला कला म्हणून आले नव्हते, वेठ म्हणून आले होते. मातंगाने हलगी वाजवायची, होलाराने सनई फुंकायची, मिरवणूक पुढे न्यायची आणि पंगत बसली की लांब उभे राहायचे. असली अपमानाची कामे टाका, हे चळवळीने सांगितले आणि ते योग्यच होते. पण टाकायची होती ती वेठ. तिच्याबरोबर ताल कशाला टाकायचा? त्याच चळवळीने जलसे उभे केले. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला. वामनदादा कर्डक तरुणपणी मुंबईत अक्षरे शिकले आणि 2004 साली जाईपर्यंत गात राहिले. खुद्द बाबासाहेब उतारवयात, एवढ्या कामाच्या रगाड्यात, व्हायोलिन शिकत होते, हे चरित्रांत येते. जन्माने गळ्यात अडकवलेले वाद्य आणि आवडीने हातात घेतलेले वाद्य यांत गुलाम आणि नागरिक यांच्याइतका फरक आहे.

जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये मांडले. संगीतात ती उघड दिसते. मृदंगमला गाय, म्हैस आणि बकरी यांचे कातडे लागते. ते कमावून, ताणून वाद्य घडवणाऱ्यांत दलित ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्पिढ्या आहेत. मंचावर ते वाद्य घेऊन बसणारे मात्र बहुतांशी ब्राह्मण. टी. एम. कृष्णा या कर्नाटक संगीतातल्याच गायकाने 2020 साली यावर अख्खे पुस्तक लिहिले, तेव्हा चेन्नईतल्या एका नामवंत कलासंस्थेने प्रकाशनासाठी दिलेले सभागृह नाकारले. कातडे चालते, कातडे कमावणाऱ्याचे नाव चालत नाही! 'संस्कार' या शब्दाचा अर्थ यापुढे आम्हाला कुणी समजावू नये.

तिसऱ्या ठिकाणी आम्हाला शिक्षक मिळाले. आडनाव पहिल्या गृहस्थांच्याच ज्ञातीतले, हे मुद्दाम सांगतो, कारण आमचे भांडण आडनावाशी नाही. त्यांनी मुलीला समोर बसवले, टाळी देत सोळा मात्रा मोजायला लावल्या आणि म्हणाले, "लय चांगली आहे. आठवड्याला दोन तास, महिन्याला आठशे. न आल्यास आधी कळवायचं. मी आलो नाही तर तास भरून देईन." गाव विचारले नाही. पाया पडायला ती वाकली, तर म्हणाले, "आधी हात धू, शाईला घाम लागतो." आम्हाला हवा होता तो शिक्षक हा असा असतो.

यावरून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. तुम्हीही ठरवा. फी किती, तास किती, सहा महिन्यांत काय शिकवणार, हे पहिल्याच दिवशी विचारा. महिनाभर शिकून मग पुढचे ठरवा, वर्षाची फी एकदम भरू नका. त्यांचे जुने विद्यार्थी वाजवताना ऐका. शिक्षक स्वतः किती थोर वाजवतो, यापेक्षा त्याची पोरे काय वाजवतात, हे महत्त्वाचे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसवतात का, विचारा. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत ठरलेला अभ्यासक्रम असल्याने मूल कुठे पोहोचले ते आपल्यालाही कळते. मुलगी असेल तर तासाच्या वेळी दार उघडे राहील, हे स्पष्ट सांगा. पूजा-पाद्यपूजेची सक्ती असेल तर नम्रपणे उठून या. आणि पहिल्याच आठवड्यात महागडे वाद्य घेऊ नका. जुनी जोडी घेऊन पुडी बदलून घेतली तरी वर्षभराचे काम भागते.

शेवटचा मुद्दा आपल्यालाच टोचणारा आहे. आमच्याच गल्लीत बँड पथकात पंचवीस वर्षे क्लॅरिनेट वाजवलेले एक काका राहतात. शिक्षक शोधत आम्ही शहर पालथे घातले, पण त्यांचे दार वाजवायचे आम्हाला सुचले नाही. का? कारण आमच्याही डोक्यात ते 'बँडवाले' होते, शिक्षक नव्हते. पहिल्या गृहस्थांनी पणजोबांच्या ढोलकीला जे केले, तेच आम्ही काकांच्या क्लॅरिनेटला केले. आता ते चार मुलांना शिकवतात आणि आम्ही त्यांना फी देतो. सुरुवातीला ते घेईनात. "आपलीच पोरं हायत." आम्ही म्हटले, काका, आपली आहेत म्हणूनच द्यायची.

आणि जयंतीच्या मंडळांनी एक हिशेब करावा. महिना आठशे रुपये धरले, तर एका मुलाचे वर्षाचे शिक्षण 9,600 रुपयांत होते. आपल्या मंडळाने एका रात्रीच्या डीजेला किती मोजले, ते वहीत बघा आणि भागाकार करा. वंदना झाली की दिवसभर कुलूप लागणाऱ्या प्रत्येक विहारात एक हार्मोनियम, एक तबल्याची जोडी आणि फी घेणारा एक शिक्षक एवढे बसवले, तर दहा बाय दहाच्या खोलीत रियाजाला जागा नसलेल्या पोरांची सोय होईल. आवाज भाड्याने आणून आपण मिरवणूक काढतो. पुढच्या 14 एप्रिलला आपलीच पोरे वाजवत पुढे चालली, तर तो आवाज कुणाला भाड्याने आणावा लागणार नाही.

आमच्या वस्तीने पहिल्या चार मुलांची फी भरली आहे. तुमची वस्ती कधी भरणार?

जय भीम!