सात बीजे, एकच खेप

सहायक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा, 2021 याच्या कलम 27 ने स्त्रीबीजदात्रीसाठी दोन मर्यादा घातल्या आहेत. तिने आयुष्यात एकदाच बीजदान करावे, आणि त्या एका खेपेस सातपेक्षा अधिक बीजे काढली जाऊ नयेत. हा कायदा आणि त्याच्यासोबतचा सरोगसी कायदा 25 जानेवारी 2022 पासून अमलात आहेत. गोव्यातील पेडणे, डिचोली आणि सीमेपलीकडच्या सावंतवाडी-दोडामार्ग भागांतील स्त्रीरोगतज्ज्ञ सदस्यांची या अंकासाठी आलेली पत्रे बहुतांशी याच दोन मर्यादांविषयी आहेत. पत्रांचा सूर एकच आहे. पहिली मर्यादा पाळली गेली की नाही हे तपासायची सोय कोणाकडेच नाही. दुसरी मर्यादा तपासता येते, पण तिने दात्रीचे रक्षण होत नाही.

दात्रीला रक्षणाची गरज आहे, याविषयी दुमत नाही. मुंबईत 2010 मध्ये सतरा वर्षांची एक मुलगी बीजदानानंतर दोन दिवसांत दगावली. तमिळनाडूतील इरोड येथे 2022 मध्ये सोळा वर्षांच्या मुलीची बीजे वारंवार विकली गेल्याचे उघड झाले. तिचे वय वाढवून दाखवण्यासाठी बनावट आधार कार्ड वापरले गेले होते आणि व्यवहारात तिची आईच सामील होती. कायद्याने दात्रीचे वय 23 ते 35 ठरवले, बारा महिन्यांचा विमा सक्तीचा केला आणि बीजांच्या विक्रीला पहिल्या गुन्ह्यासाठी पाच ते दहा लाखांचा दंड लावला, तो मुंबईच्या प्रकरणासारख्या घटनांच्या पार्श्वभूमीवर. हेतू योग्य होता. चूक झाली ती मोजमापात.

सात या आकड्याचा हिशोब प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. सात बीजांपैकी पाच-सहा परिपक्व निघतात, चारेक फलित होतात आणि पाचव्या दिवशी दोन ब्लास्टोसिस्ट हाती आले तर दिवस चांगला म्हणायचा. एका दात्रीची बीजे एकाच दांपत्याला देता येतात, त्यामुळे त्या दांपत्याची सगळी आशा या दोन भ्रूणांवर असते. ती फळली नाही तर नवी दात्री, नवी इंजेक्शने, नवी भूल. म्हणजे एका स्त्रीचे कष्ट कमी करण्यासाठी घातलेल्या मर्यादेमुळे दुसऱ्या स्त्रीला टेबलावर आणले जाते. कायदा ‘बीजे’ एवढेच म्हणतो. परिपक्व की अपरिपक्व, हा भेद त्यात नाही. त्यामुळे पहिली तीन बीजे अपरिपक्व निघाली तरी ती मोजली जातात.

बीजे काढण्याच्या, म्हणजे पिकअपच्या, वेळची स्थिती तर अधिकच अडचणीची आहे. तेवीस-चोवीस वर्षांच्या निरोगी स्त्रीला नेहमीचा डोस दिला तर बारा-पंधरा फॉलिकल सहज वाढतात. डॉक्टर सुई लावून द्रव ओढतो, पलीकडून भ्रूणतज्ज्ञ आकडा सांगतो आणि सातवे बीज मिळताच सुई बाहेर काढावी लागते. उरलेली फॉलिकल तशीच राहतात. ट्रिगर, म्हणजे बीजे पक्व करणारे अखेरचे इंजेक्शन, दिलेला असल्याने त्यांतून बीजे सुटू शकतात, आणि दात्रीने त्या दिवसांत संबंध टाळले नाहीत तर तिला स्वतःलाच गर्भ राहण्याचा, तोही जुळ्या-तिळ्यांचा, धोका असतो. न ओढलेली फॉलिकल सुजून दुखतात ते वेगळेच. ओएचएसएसचा, म्हणजे अंडाशये अतिउत्तेजित होण्याच्या विकाराचा, धोका ठरतो तो इंजेक्शनांच्या डोसवर आणि ट्रिगरच्या निवडीवर. सुईने किती बीजे बाहेर काढली याचा त्याच्याशी संबंध नगण्य आहे. अँटॅगोनिस्ट पद्धत आणि एचसीजीऐवजी अ‍ॅगोनिस्ट ट्रिगर वापरला तर दात्रीमध्ये तीव्र ओएचएसएस जवळजवळ दिसत नाही, कारण तिला गर्भधारणा व्हायची नसते आणि उशिरा येणारा प्रकार उद्भवतच नाही. कायद्याला दात्रीचे शरीर जपायचे होते तर त्याने डोस आणि ट्रिगर यांविषयी बोलायला हवे होते. ब्रिटनने आकड्याची मर्यादा घातली ती एका दात्याच्या बीजांपासून किती कुटुंबांत मुले जन्मावीत यावर, आणि तेथे ती संख्या दहा आहे. एका बैठकीत किती बीजे काढायची हे तेथे डॉक्टरच्या निर्णयावर सोडले आहे.

‘आयुष्यात एकदाच’ या अटीचे दुखणे निराळे आहे. दात्रींची तपासणी आणि पुरवठा फक्त बँकेने करावा, आणि बँक ही क्लिनिकपासून स्वतंत्र संस्था असावी, असे कलम 27 म्हणते. बँक दात्रीचे नाव, पत्ता, आधार क्रमांक नोंदवून घेते. ही नोंद मग कुठे जाते? कायद्यानुसार महिन्याभरात राष्ट्रीय नोंदवहीकडे ऑनलाइन पाठवायची माहिती म्हणजे उपचारांची प्रगती आणि किती दाते तपासले, ठेवले, पुरवले यांची संख्या. सविस्तर नोंदी क्लिनिकने आणि बँकेने किमान दहा वर्षे स्वतःकडे जपायच्या आणि त्यानंतर केंद्रीय संग्रहाकडे सोपवायच्या. वयाच्या पंचविसाव्या वर्षी बीजदान केलेल्या स्त्रीची पूर्ण नोंद केंद्रात पोचेल तोवर ती पस्तिशी गाठून दात्री म्हणून अपात्र झालेली असेल. दरम्यानच्या दहा वर्षांत ती मुंबईत एकदा, हुबळीत एकदा आणि बेळगावात एकदा टेबलावर झोपली तरी गोव्यातल्या डॉक्टरला ते कळण्याचा मार्ग नाही. त्याच्या हाती असते ते तिचे प्रतिज्ञापत्र आणि आधारची झेरॉक्स. इरोडमध्येही कागद हेच होते.

हा दोष दुरुस्त करणे अवघड नाही. आधार क्रमांक टाकल्यावर ‘पूर्वी दान झाले’ किंवा ‘झाले नाही’ एवढेच उत्तर देणारी, नाव किंवा पत्ता न दाखवणारी व्यवस्था केंद्राला उभारता येईल. रेशनपासून सिमकार्डापर्यंत आधारची पडताळणी आधीच चालते. कायदा लागू होऊन इतका काळ लोटला तरी ही एक खिडकी उघडलेली नाही आणि नोटिसा मात्र क्लिनिकांना येतात, ही गोष्ट संतापजनक आहे.

पैशाचा प्रश्न याच गाठीत अडकला आहे. बीजदानासाठी दात्रीला दहा-बारा दिवस इंजेक्शने, चार-पाच सोनोग्राफ्या, एक भूल आणि नंतरची विश्रांती लागते. मोपाच्या विमानतळाभोवती किंवा किनाऱ्यावरच्या हॉटेलांत रोजंदारीवर काम करणाऱ्या स्त्रीसाठी हा निम्म्या महिन्याचा पगार आहे. कायदा विमा देतो आणि विक्रीला बंदी घालतो, पण बुडालेल्या रोजाविषयी एक शब्दही बोलत नाही. परिणामी पैसे दिले जातातच. ते एजंटाच्या हातून, पावतीविना आणि त्याची दलाली कापून दिले जातात. जी स्त्री खरोखर दान करते तिच्या वाट्याला सर्वांत कमी येते, आणि तीच पुन्हा दुसऱ्या शहरात जायला तयार होते. ब्रिटनमध्ये 2012 साली अंडदात्रीसाठी एका खेपेला 750 पौंडांची उघड भरपाई ठरवली गेली आणि नंतर ती वाढवण्यात आली. ठरावीक, जाहीर आणि बँकेच्या खात्यात जमा होणाऱ्या भरपाईने बीजाचा बाजार वाढत नाही, एजंटाचे काम संपते. सरोगसी कायद्याने निव्वळ परोपकाराची अट घालून जो प्रश्न झाकला, तोच बीजदानाच्या कायद्याने पुन्हा झाकला आहे.

सरोगसीसाठी दात्रीचे बीज चालेल की नाही, याची धरसोड तर सदस्यांनी प्रत्यक्ष भोगली. 14 मार्च 2023 च्या दुरुस्तीने स्त्रीबीज आणि पुरुषबीज, दोन्ही इच्छुक दांपत्याचीच असावीत असे ठरवले. गर्भाशयाशिवाय जन्मलेल्या एका स्त्रीच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये तिच्यापुरती या अटीला स्थगिती दिली. 21 फेब्रुवारी 2024 च्या दुरुस्तीने जिल्हा वैद्यकीय मंडळाने दाखला दिल्यास दात्याचे बीज चालेल, मात्र एक बीज दांपत्याचे हवे, असा मार्ग काढला. तरीही एकल स्त्रीला तो मार्ग बंदच राहिला. विधवा किंवा घटस्फोटित स्त्री 35 ते 45 या वयातच सरोगसीला पात्र ठरते आणि तिने स्वतःचेच बीज वापरले पाहिजे. ज्या वयात बीजांचा साठा आटत जातो नेमके तेच वय कायद्याने निवडले आणि दात्रीची मदत तिच्यापासून काढून घेतली. चाळिशीतल्या, बीजांचा साठा दाखवणारे एएमएच 0.5 च्या खाली गेलेल्या विधवेला हा नियम समजावून सांगताना डॉक्टरला शब्द सापडत नाहीत, आणि सापडू नयेतच.

जन्मलेले मूल कोणाचे, याविषयी मात्र कायदा स्पष्ट आहे. मूल इच्छुक दांपत्याचे जैविक अपत्य मानले जाते आणि दात्री सर्व पालकहक्क सोडते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये, बीज बहिणीने दिले होते अशा एका प्रकरणात, कायद्यापूर्वीच्या 2005 च्या आयसीएमआर मार्गदर्शक तत्त्वांच्या आधारे हेच सांगितले आणि जुळ्या मुलींना भेटण्याचा आईचा हक्क मान्य केला. गोव्यात हा मुद्दा अधिक जवळचा आहे, कारण येथील वारसाकायद्यात मालमत्तेचा अर्धा वाटा अपत्यांसाठी राखून ठेवलेला असतो आणि मृत्युपत्राने तो वळवता येत नाही. त्यामुळे इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसांमधील वाटणीच्या, वेळी मूल ‘खरे’ की ‘दुसरीच्या बीजाचे’ अशी भाषा घरातूनच उठते. याच भूमीत 1880 च्या हिंदू रीतिरिवाजांच्या पोर्तुगीज फर्मानाने पंचविशीपर्यंत मूल न झालेल्या स्त्रीच्या नवऱ्याला दुसऱ्या लग्नाची मुभा दिली होती. मूल न होण्याची शिक्षा बाईने भोगायची, ही रीत तेव्हा कायद्यातच लिहिली गेली. दात्री आणि आई, दोघींनाही आजच्या सल्लामसलतीत हे ओझे उतरवून ठेवायला वेळ मिळाला पाहिजे.

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात आयव्हीएफ विनामूल्य मिळू लागल्यापासून ज्यांना हा उपचार परवडत नव्हता ती दांपत्येही दारात येत आहेत. त्यांतल्या काहींना दात्री लागणारच. त्यामुळे केंद्राच्या नोंदवहीची वाट पाहत बसणे परवडणारे नाही. गोवा आणि सिंधुदुर्गातील सदस्यांनी आपल्या हातात आहे तेवढे तरी आजच करावे. दात्रीशी पहिली भेट एजंट, नवरा किंवा बँकेचा माणूस यांच्याशिवाय, बंद दाराआड घ्यावी. तिला कोकणी, मराठी, कन्नड यांपैकी जी भाषा येते तीत बोलावे. इंग्रजी फॉर्मवर अंगठा उमटवून घेतला म्हणजे संमती मिळाली असे मानणारे सदस्य अजूनही आहेत, आणि त्यांनी ही सवय सोडलीच पाहिजे. आधार मूळ प्रतीत, क्यूआर कोड वाचून तपासावे. सोनोग्राफीत पूर्वीच्या पिकअपची खूण दिसत नाही, म्हणून पूर्वी इंजेक्शने घेतली का, कुठे, किती दिवस, हे वेगवेगळ्या भेटींत पुन्हा विचारावे. डोस सातच्या मर्यादेला धरून कमी ठेवावा, म्हणजे फॉलिकल सोडून द्यायची वेळ येणार नाही. अ‍ॅगोनिस्ट ट्रिगर हाच नियम समजावा. पुढची पाळी येईपर्यंत संबंध टाळण्याची सूचना लिहून द्यावी आणि पिकअपनंतर तिसऱ्या व पाचव्या दिवशी फोन करावा.

राज्याच्या सहायक प्रजनन व सरोगसी मंडळापुढे न्यायची मागणीही आकड्यांसहच न्यावी. गेल्या वर्षभरात किती पिकअप सातव्या बीजाला थांबवावे लागले, किती फॉलिकल राहिली, किती दांपत्यांना दुसरी दात्री शोधावी लागली, किती दात्रींना संशयावरून परत पाठवले, याची नोंद प्रत्येकाच्या रजिस्टरात आहे. नावे वगळून ती या अंकानंतर महिन्याभरात पाठवावी. आणि विम्याची पॉलिसी क्लिनिकच्या फायलीत न ठेवता दात्रीच्या हातात द्यावी, तीत दावा कुठे करायचा तो क्रमांक तिला वाचता येईल अशा लिपीत लिहिलेला असावा, आणि बारा महिने संपण्याची तारीख तिला तोंडी सांगितलेली असावी.